केवड्याचे कोंब

"मधला कोंब घे गो नलू. कडेची पानं काटेरी, ती देवाला बोचतात."

सासूबाईंचं हे सांगणं माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या हरतालिकेचं. समुद्राकाठच्या पुळणीवर, केवड्याच्या बनात त्या पुढे, मी पाठोपाठ. त्यांनी दाखवलं तसा मी झुडपाच्या मधोमधचा पांढुरका कोंब दोन्ही हातांनी धरला आणि वर ओढला. बारीकसा आवाज झाला आणि कोंब हातात आला. बुडाशी लोण्यासारखा पांढरा. तेव्हा बन इतकं दाट होतं की आत चुकलेलं वासरू दुसऱ्या दिवशी सापडायचं. एका कोंबाने त्याचं काय जाणार होतं?

पुढे पंचवीस वर्षांनी हेच वाक्य मी आळीतल्या बायकांना सांगितलं. त्या वेळी बन उरलेलं नव्हतं. होती ती आम्हीच लावलेली गुडघ्याखालची रोपं. त्या गोष्टीलाही आता सोळा वर्षं होतील.

आमची पुळणवाडी म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मध्ये भातशेतीची चिंचोळी पट्टी. शेती आणि समुद्र यांच्यामध्ये पूर्वी हे बन उभं असायचं. केवडा, उंडी, निगडी, बोरी, आणि खाली वाळूला धरून ठेवणारी मर्यादवेल. कोणी सरपणासाठी तोडलं, कोणी वाटेसाठी, कोणी घरातून समुद्र दिसावा म्हणून. मग एका वादळात उधाणाचं पाणी सरळ शेतात आलं. गुणाजी तात्यांच्या शेतात त्यानंतर तीन वर्षं भात झालं नाही, विहिरीचं पाणी तोंडात धरवेना. तात्या पोस्टमन होते, नुकतेच निवृत्त झालेले. पत्रं वाटायला फिरायचे तसे घरोघर फिरले आणि बन पुन्हा लावायची, राखायची मंडळी त्यांनी उभी केली.

पुरुष आले. बायका येईनात. वाळूत खड्डे खणून काय उगवणार, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मी त्यांना माझ्या पद्धतीने सांगितलं. पार्वतीने अरण्यात वाळूचीच पिंडी केली आणि रानातलीच पानं वाहिली. ते अरण्य आपण परत लावतोय असं समजा. केवडा लावू, बोर लावू, रुई, डोरली लावू. हरतालिकेची पत्री दारात मिळेल, बाजारातली सुकलेली जुडी आणायला नको. हे त्यांना पटलं. तात्या म्हणाले, "मी सहा महिने समुद्राची भीती घातली तर एक फिरकली नाही. तू देवाचं नाव काढलंस आणि अख्खी आळी कुदळ घेऊन हजर."

त्या मंडळीत हलीमाबीही होत्या. खाडीच्या अंगाला एकट्या राहायच्या. नवरा बोटीवर खलाशी होता, तो गेल्यावर सात शेळ्या एवढाच त्यांचा संसार. पहिल्या वर्षी त्या शेळ्यांनी उंडीची चाळीसेक रोपं फस्त केली. तात्या भडकले. हलीमाबींनी चारचौघांत सांगितलं, यापुढे शेळ्या दाव्याला राहतील. आणि त्या राहिल्या. हलीमाबी रोज दोनदा टेकाडावरून पाल्याचा भारा आणायच्या, वर लेंडीखताच्या टोपल्या मंडळीला द्यायच्या. समुद्राकडच्या पहिल्या ओळीतला केवडा धरला तो त्या खतावर.

माझं म्हणाल तर माझा दिवस नेमांनी बांधलेला. पहाटे अंघोळ, पोथीचा एक अध्याय, मग पुळणीवर जाऊन सूर्याला अर्घ्य. त्यानंतर तोंडात पाण्याचा घोट. चातुर्मासात एक नेम जास्तीचा. त्या वर्षी कोणी कांदा सोडला, कोणी वांगं. मी खोटं बोलणं सोडलं. आमच्या शेजारची सुमती हसली. म्हणाली, "तू मुळात बोलतेस तरी कुठे? वांगं सोडलं असतंस तर पुण्य तरी लागलं असतं."

हरतालिकेच्या सकाळी अर्घ्य देऊन मागे वळले तर पहिल्या ओळीपाशी तात्या उभे दिसले. पाऊस भुरभुरत होता आणि छत्री मिटलेली त्यांच्या काखेत. मी जवळ गेले. त्यांनी छत्रीच्या टोकाने दाखवलं.

ओळीत साठ रोपं होती. त्यांतल्या चाळीसेकांचे मधले कोंब नव्हते. कडेची पानं चहूबाजूंना फाकलेली आणि मध्ये बोटभर भोक. त्या भोकात पाणी साचलं होतं.

"आता हे कुजणार," तात्या म्हणाले. "लहान रोपाचा मधला कोंब गेला आणि आत पाणी बसलं की ते बुडापर्यंत कुजत जातं. नंतर बाजूने फुटवा आला तर आला. पौर्णिमेचं उधाण बारा दिवसांवर आहे. धरायला काय आहे आता या वाळूला?"

मला हे ठाऊक नव्हतं. जुन्या बनातल्या केवड्याला डोक्यापर्यंत उंच दहा फांद्या असायच्या. एक कोंब गेला तर नऊ राहायचे. या रोपांना एकेकच कोंब होता, हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. आदल्या दिवशी तिन्हीसांजेला मी स्वतः दोन ओढले होते. एक हरतालिकेला, एक दुसऱ्या दिवशीच्या गणपतीला. बाकीच्या बायकांनीही तेच केलं असणार. आपला एक, गणपतीचा एक, एखादा जावेसाठी. प्रत्येकीला वाटलं असणार की आपण एक-दोनच घेतले.

तात्या खाली वाकले होते. त्यांनी रोपाच्या मुळाशी पडलेल्या लेंड्या दाखवल्या. मी त्यांना हाक मारली, पुढचं वाक्य मनात जुळवत होते, तेवढ्यात ते म्हणाले, "तू आज बोलू नकोस नलू, निर्जळी आहेस. घरी जा. चार वाजता सगळ्यांना शाळेच्या ओट्यावर बोलावतो. हलीमालाही." आणि ते झपाझप निघून गेले. मी मागून जाऊ शकले असते. गेले नाही.

अकरा वाजता आमच्या पडवीत पूजा होती. मीच पुळणीवरून आणलेल्या वाळूची पिंडी केली होती. एकोणीस बायका आल्या. प्रत्येकीच्या ताम्हनात पत्री, आणि पत्रीवर केवड्याचा कोंब, कोवळा, बिनकाट्याचा, मी शिकवलं होतं तसा. बातमी तोवर घराघरांत पोचली होती. कोण काय बोलतंय याकडे माझा कान होता. पण बायका गणपतीच्या मखराबद्दल बोलत होत्या, मुंबईहून कोण कधी येणार याबद्दल बोलत होत्या, आणि एकमेकींच्या ताम्हनाकडे बघत नव्हत्या. तात्यांची सून वासंती एकदा रडवेली होऊन माझ्याकडे बघू लागली, तशी सुमती तिला म्हणाली की शेळ्या काय आज पहिल्यांदा शिरल्यात का, तू समईत तेल घाल.

कहाणी मी वाचायची असे. वाचताना दोनदा अडखळले. बायकांना वाटलं, उपासाने घसा सुकला. एकेकीने पुढे येऊन पिंडीवर पत्री वाहिली. शेवटी शेवटी वाळू दिसेना, नुसते कोंबच दिसत होते.

चार वाजता पाऊस थांबला होता. शाळेच्या ओट्यावर तीसेक माणसं जमली. बायका भिंतीला टेकून एका बाजूला. हलीमाबी खालच्या पायरीवर बसल्या, डोक्यावर पदर घेऊन, हात गुडघ्यांवर. तात्यांनी सरळ विषयाला हात घातला. रोपांचं काय झालंय, उधाण कधी आहे, शेतात पाणी आलं तर कोणाकोणाचं भात जाईल, सगळं सांगितलं. आवाज चढलेला नव्हता. मग म्हणाले, एकदा माफ केलं होतं, आता काय करायचं ते मंडळीने ठरवावं.

"माझ्या शेळ्या दाव्याला होत्या," हलीमाबी म्हणाल्या.

"मग लेंड्या चालत आल्या?"

"टोपलीत बसून आल्या. गेल्या शुक्रवारी. तुमच्याच सुनेने घातल्या मुळाशी."

चार-दोन जण हसले. तात्या हसले नाहीत. "लेंड्या टोपलीतनं आल्या, मानलं. कोंब खाणारं तोंड कुठल्या टोपलीतनं आलं?"

हलीमाबींनी सगळ्यांवरून नजर फिरवली. बायकांच्या बाजूला ती जरा रेंगाळली आणि माझ्यावर थांबली.

"नलूवैनी, तुम्ही पहाटे, तिन्हीसांजेला पुळणीवर असता. तुम्ही सांगा. माझी शेळी बघितलीत तुम्ही बनात?"

शेजारी सुमतीचा कोपर माझ्या कोपराला लागला होता, तो तिने काढून घेतला.

"नाही," मी म्हणाले. "शेळी मी बघितली नाही."

माझा आवाज तात्यांपर्यंत पोचला नाही. त्यांनी काय म्हणाली म्हणून विचारलं, तर सुमतीने मोठ्याने सांगितलं, शेळी बघितली नाही म्हणते. तात्या म्हणाले, ती कोणावर आळ घेणार, ती मुंगीलासुद्धा वाट करून देते.

हलीमाबी तशाच माझ्याकडे बघत होत्या. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. मग त्यांनी मान वळवली.

पुढे बराच वेळ चर्चा चालली. कोणी म्हणालं शेळ्या विकाव्यात, कोणी म्हणालं कुंपण घालावं. मला सगळं लांबून ऐकू येत होतं. शेवटी हलीमाबीच उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, शेळ्या विकणार नाही, पण इथे ठेवणारही नाही. खाडीपलीकडे बहीण आहे, तिच्याकडे घेऊन जाते. "उद्या तुमचा गणपती बसायच्या आत शेळ्या पलीकडे पोचलेल्या असतील. बन कमरेएवढं होईपर्यंत आणणार नाही. शब्द देते."

शेळ्या गेल्या म्हणजे हलीमाबींना जावं लागणार, हे सगळ्यांना कळत होतं. बहिणीच्या सुनेशी त्यांचं एक दिवस पटत नसे, हेही गावाला माहीत होतं. नवऱ्याने बांधलेलं घर बंद करून, दुसऱ्याच्या पडवीत पथारी टाकायची, किती वर्षं ते केवड्याच्या मनावर. तात्यांनी वहीत लिहून घेतलं आणि माणसं आपापल्या सणाला पांगली.

वाटेत सुमतीने मला गाठलं. माझा हात दाबून हळूच म्हणाली, "बरं बोललीस हो. खोटं पण नाही, आणि कोणाचं नाव पण नाही."

तिने हे कौतुकाने म्हटलं होतं. मी घरी आले, हातपाय धुतले, देवासमोर बसले. जप करायला माळ घेतली तर तेच वाक्य मण्यामण्याला यायला लागलं. खोटं पण नाही. आमचे हे गणपती आणायला मूर्तिकाराच्या चित्रशाळेत गेले होते, घरात कोणी नव्हतं. मी माळ परत डबीत ठेवली. माझ्या आठवणीत जप अर्धा टाकून मी उठले ती त्या एका दिवशी.

चतुर्थीला पहाटे हरतालिकेची उत्तरपूजा केली. आता पिंडी आणि पत्री समुद्रात सोडायची, म्हणजे उपास सुटतो. एकोणीस घरांची पत्री आमच्याकडेच होती. मी पिंडीची वाळू एका भांड्यात घेतली आणि पानं एका टोपलीत. कोंब सुकून मऊ पडले होते, पण त्यांची बुडं अजून पांढरी, अखंड होती. एकालाही दात लागलेला नव्हता.

पुळणीच्या वाटेवर तात्यांचं घर पडतं. मी समुद्राकडे गेले नाही. त्यांच्या अंगणात शिरले आणि टोपली ओटीवर ठेवली.

तात्या मखराला आंब्याच्या पानांचे टाळे बांधत होते. स्टुलावरून उतरले, टोपलीत वाकून बघितलं. मग एक कोंब उचलून त्याचं बूड निरखलं. मी सांगत होते, मी ओढले, मी बायकांना शिकवलं, असे ओढा म्हणून. रोपाचा जीव त्यात असतो हे मला माहीत नव्हतं. काल मात्र सगळं माहीत असून गप्प बसले. किती हळू बोलत होते कोण जाणे, पण त्यांनी या वेळी एकदाही काय म्हणून विचारलं नाही.

माजघराच्या दारात वासंती येऊन उभी राहिली होती. तात्यांनी तिच्याकडे बघितलं, मग टोपलीकडे.

"यातला आमच्या घरचा कुठला?"

"ओळखू येत नाही, तात्या."

"बायका पत्री आणतात कुठून, मी आयुष्यात कधी विचारलं नाही," ते म्हणाले. "साठ वर्षं देवापुढे बघतोय, तरी काल मला शेळीच दिसली." त्यांनी स्टूल तसंच सोडलं आणि खुंटीवरची छत्री घेतली. "चल. खाडीवर, तरीच्या होडीपाशी असेल ती."

ही गोष्ट त्याच दिवशी गावभर झाली, आणि त्यानंतर तीन वर्षं हरतालिकेची कहाणी वाचायला मला कोणी बोलावलं नाही. सुमती कितीतरी दिवस बोलत नव्हती. म्हणे, स्वतःचं सांगायचं होतंस, टोपली कशाला नेलीस. तिचं अगदीच चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. पण त्या वेळी मला फक्त होडी सुटायच्या आत खाडी गाठायची होती. चोवीस तास पोटात पाणी नव्हतं, बांधावरून चालताना डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तात्या पुढे जाऊन थांबायचे, मागे बघायचे, परत चालू लागायचे. तात्यांच्या मनात काय चाललं होतं ते त्यांच्या पाठीवरून कळत नव्हतं.

होडी धक्क्याशेजारी उथळ पाण्यात उभी होती. पाच शेळ्या आत चढलेल्या, दोन वर. हलीमाबींनी एक पत्र्याची पेटी आणि पाल्याचा भारा आधीच होडीत ठेवला होता. आम्हाला बघून त्या थांबल्या.

तात्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाले, माझी चूक झाली हलीमा, शेळ्यांचा दोष नव्हता. मंडळीचा ठराव मी मागे घेतो, आजच सगळ्यांना सांगतो. शेळ्या उतरव.

हलीमाबींनी माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले.

"मी बघितलं होतं तुम्हाला, वैनी," त्या म्हणाल्या. "परवा तिन्हीसांजेला. पाल्याचा भारा घेऊन टेकाडावरून उतरत होते. तुम्ही दोन कोंब ओढलेत आणि पदरात घेतलेत. म्हणून तर तुम्हाला विचारलं. दुसऱ्या कोणाला विचारलं नसतं."

तात्या खाली बघत होते.

"मग तुम्ही का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"मी सांगून? सणाच्या दिवशी, तुमच्या देवाच्या पानांबद्दल, मी?" त्या जराशा हसल्या, पण ते हसू चांगलं नव्हतं. "ते तुमचं बोलायचं होतं. मला वाटलं, या बोलतील. या नेमाच्या आहेत."

तात्या पुन्हा म्हणाले की ठराव रद्द झाला, आता जायचं कारण नाही.

"ठराव तुमचा होता, तो तुम्ही घ्या मागे. शब्द मी दिला होता." त्यांनी दावं हाताला गुंडाळलं. "आज वैनी बोलल्या म्हणून मी राहू. पुढच्या खेपेला बोलणारं कोणी नसलं तर? बन होऊ दे कमरेएवढं. मग बघू."

त्या रागावलेल्या वाटत नव्हत्या. त्यांचं ठरलेलं होतं. होडीच्या काठाला टेकवलेल्या कळशीतून त्यांनी पेलाभर पाणी ओतलं आणि माझ्यापुढे धरलं.

"प्या. तोंड बघा केवढं झालंय."

पत्री सोडायची राहिली होती, उपास सुटलेला नव्हता. मी पेला घेतला आणि प्यायले.

एक शेळी तेवढ्यात उडी मारून आत गेली. शेवटची पाण्याला बिचकून मागे सरत होती, पुढचे पाय रोवून. हलीमाबींनी तिच्या मानेवरून हात फिरवला, तिला छातीशी धरून उचललं आणि गुडघाभर पाण्यातून होडीत चढल्या. गावात कुणाच्या तरी घरी घंटा वाजवून बघत होते. अजून आरती व्हायची होती.

"होडी हाक बाबा जरा," त्या नावाड्याला म्हणाल्या. "गणपती बसायच्या आत पोचायचंय मला."